झिपरीला घेऊन पहिल्यांदा कॅम्पिंगला गेलो तेव्हा

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच आहे तर सगळं सविस्तर लिहिते. झिपरी म्हणजे आमची कुत्री. आमच्याकडे आली तेव्हा ५ महिन्यांची होती, आता ३ वर्षांची आहे, वजन १८ किलो, जात म्हणाल तर मिश्र, अंगभर लांब केस आणि त्यावरूनच नाव पडलं. मी आणि माझा धाकटा भाऊ वर्षातून दोनतीनदा तरी तंबू घेऊन बाहेर पडतो आणि दर वेळी झिपरीला ओळखीच्यांकडे ठेवून जायचो. मागच्या वेळी परत आलो तेव्हा कळलं की तिने दोन दिवस धड काही खाल्लंच नव्हतं, दाराकडे तोंड करून बसून होती. ते ऐकून पोटात कालवलं. पुढच्या वेळी ही आपल्याबरोबरच येणार हे त्याच दिवशी ठरलं.

माझ्या डोक्यात चित्र असं होतं की मोकळं रान, तळं, झिपरी वाऱ्यासारखी पळतेय आणि संध्याकाळी दमून पायाशी येऊन झोपतेय. यातलं पळणं वगैरे झालं, पण झोपेचं जे काय झालं ते मी गृहीतच धरलं नव्हतं. आपल्याला वाटतं कुत्रं रानात गेलं की खूशच होणार. पण जी कुत्री रोज रात्री चार भिंतींत झोपते, तिच्या भोवतालच्या भिंतीच एकदम काढून घेतल्या तर तिला काय वाटेल याचा मी विचारच केला नव्हता. म्हणून हे लिहितेय, कारण तयारीबद्दल सगळे बोलतात पण त्या पहिल्या रात्रीबद्दल मला आधी कोणीच काही सांगितलं नव्हतं.

सुरुवात जागेपासून झाली. आमची नेहमीची आवडती जागा राखीव जंगलातली, तिथे कुत्र्यांना बंदी. भाऊ जरा चिडलाच, "ताई, आपली झिपरी कोणाचं काय वाकडं करणारे?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मग वाचायला घेतलं तेव्हा कळलं की प्रश्न फक्त हरणामागे पळण्याचा नाही, रोगांचा आहे. कुत्र्यांना होतो तो डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजार जंगली प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात त्याची साथ आली होती आणि तिथले साधारण एक तृतीयांश सिंह गेले. हे वाचल्यावर भाऊ गप्प झाला आणि मीही. झिपरीला लस दिलेली आहे हे खरं, पण गेटवरच्या माणसाने प्रत्येक कुत्र्याची फाईल तपासत बसायचं का? बंदी आहे तिथे बंदी पाळायची, विषय संपला. मग जंगलापासून लांब, एका तळ्याकाठची कॅम्पसाईट शोधली, कुत्रं चालेल पण पट्ट्यावर पाहिजे असा नियम, आणि मुद्दाम आठवड्याच्या मधल्या २ रात्री घेतल्या म्हणजे गर्दी कमी. फोनवर स्पष्ट विचारून घेतलं की रात्री तंबूत आमच्याबरोबर झोपली तर चालेल ना, कारण काही ठिकाणी कुत्रं चालतं म्हणतात आणि गेल्यावर बाहेर बांधायला सांगतात.

डॉक्टरांकडे आम्ही दीड महिना आधी गेलो आणि बरंच झालं. मला वाटलेलं रेबीजची लस झालीये, बाकीच्या नेहमीच्या लसी झाल्यात, झालं की मग. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, तळ्याचं पाणी आहे का तिथे? मग लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची लस घ्या. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून तो जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत येतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. पहिल्यांदा देताना २ डोस लागतात, मध्ये २ ते ४ आठवडे जावे लागतात, म्हणजे निघायच्या आठवडाभर आधी जाऊन काही उपयोग झाला नसता. गोचिडांसाठी गोळी दिली. ती देताना डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली, की गोळी दिली म्हणजे गोचीड अंगावर चढणारच नाही असं नाही, ती चावते, रक्ताबरोबर औषध तिच्या पोटात जातं आणि मग मरते. त्यामुळे रोज अंगावरून हात फिरवून बघणं सुटत नाही. हे वाक्य पुढे फार कामाला आलं, येतेच त्यावर.

मग तंबूची सवय. हे मात्र आम्ही मनापासून केलं. पहिल्या दिवशी हॉलमध्ये नुसतं तंबूचं कापड पसरून ठेवलं, झिपरीने कडेकडेने वास घेतला आणि लांब जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिचं रात्रीचं जेवण त्या कापडावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी दांड्या घालून तंबू उभा केला तर बाईसाहेब सोफ्यामागे. जबरदस्ती नाही करायची हे दोघांनी ठरवलेलंच होतं, त्यामुळे मीच आत जाऊन पुस्तक वाचत पडले आणि वीसेक मिनिटांनी एक ओलं नाक पोटरीला लागलं. मला वाटलं जमलं. तेवढ्यात भावाने बाहेरून तंबूच्या दाराची चेन ओढली, ती झर्रर्र आवाज करत वर गेली आणि झिपरी अशी काही उसळली की तंबू एका बाजूला कलंडला. तंबूच्या चेनचा आवाज आपल्याला काहीच वाटत नाही, तिला तो कापड फाटल्यासारखा वाटत असणार. मग चार दिवस फक्त चेनवर काम केलं, एक वीत ओढायची, खाऊ द्यायचा, परत एक वीत. शेवटी शेवटी चेनचा आवाज आला की ती खाऊसाठी पळत यायला लागली.

त्यानंतर एक रात्र गच्चीवर तंबू लावून तिघं झोपलो. झिपरी ११ ला झोपली ती ५ ला उठली. मी खूश. आता मागे वळून बघताना कळतं की तिथे सगळे आवाज तिच्या ओळखीचे होते, खालचं गेट, शेजारचा पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, वासही ओळखीचे. तंबू नवीन होता पण जागा तिचीच होती.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, ज्याचं त्याला कळतं, पण काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पाण्याचा हिशोब आधीच करा, कुत्र्याला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे झिपरीला रोज लिटरभर, आणि चालणं आणि ऊन असेल तर त्याच्या दुप्पट धरून चला. आम्ही तिच्यासाठी वेगळं ५ लिटर नेलं. लांब दोरी नेली १० मीटरची, आणि ती हार्नेसलाच, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यालाच अडकवायची, गळपट्ट्याला नाही, कारण जोरात पळून दोरीच्या टोकाला हिसका बसला तर तो गळ्यावर बसतो. गळपट्ट्यावर दोघांचे फोन नंबर कोरलेला बिल्ला. नखं कापली, कारण तंबूचा तळ पातळ असतो. औषधांच्या डब्यात बारीक टोकाचा चिमटा, बँडेज, सलाईनची छोटी बाटली आणि थर्मामीटर. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या वेगळ्या, चेन लावलेल्या पिशवीत, कारण आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामोल दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत, आणि दुखतंय बिचारीला म्हणून प्रेमापोटी अर्धी गोळी देणारे लोक मी स्वतः बघितलेत. खाण्याचा डबापण झाकणाचा, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा यातलं काहीही तिच्या तोंडात जायला नको.

आणि तिचं अंथरूण. भाऊ म्हणाला की घाणेरडं झालंय, धुवून घेऊ, नवीन घेऊ. मी नाही म्हटलं, तिची रोजची जुनी चादर न धुता तशीच घेतली. का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं, पण वास हीच तिची ओळख, एवढं कळत होतं.

प्रवास ३ तासांचा होता, मध्ये एकदा थांबलो. थांबलो तेव्हा दोघांपैकी एकजण कायम गाडीबाहेर तिच्याबरोबर. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडीत अर्ध्या तासात तापमान ४० च्या वर जातं, काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना, बाकी सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर टाकायची असते. पाचच मिनिटं तर जायचंय म्हणून गाडीत ठेवू नका, अगदी कळकळीने सांगते.

पोचलो दुपारी १ ला आणि पहिली चूक केली. ऊन होतं, घाई होती, तंबू आधी लावून घेऊ म्हणून झिपरीला झाडाला बांधलं आणि आम्ही दोघं खुंट्या ठोकायला लागलो. नवीन जागा, शंभर नवीन वास, आणि तिची माणसं तिच्यापासून वीस पावलांवर पाठ करून काहीतरी ठोकतायत. ती झाडाभोवती फिरत राहिली, दोरी गुंडाळत गुंडाळत हातभर उरली, मग भुंकायला लागली आणि थांबेचना. मी जाऊन सोडवलं तर जीभ पूर्ण बाहेर, टोकाला रुंद झालेली, छाती भात्यासारखी हलतेय. थर्मामीटर लावला, ३९.४. कुत्र्याचं नॉर्मल ३८.३ ते ३९.२ असतं, फॅरनहाइटमध्ये १०१ ते १०२.५, म्हणजे तसं घाबरण्यासारखं नव्हतं पण मी घाबरले. सावलीत नेलं, पंजे आणि पोट पाण्याने ओलं केलं, वहीने वारा घातला, थोडं थोडं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने ३८.९. (ताप मोजायची सवय घरीच करून ठेवा, थर्मामीटर मागून लावावा लागतो आणि पहिल्यांदा रानात ते करायला गेलं तर दोघांचीही धांदल होते.)

मग भाऊ म्हणाला, ताई तू हिला घेऊन आधी फिरून ये, तंबू मी बघतो. आणि तेच आधी करायला पाहिजे होतं. लांब दोरीवर तिला पुढे सोडलं आणि मी फक्त मागे चालत राहिले, ती नेईल तिकडे. तासभर तिने आमच्या जागेच्या भोवती चक्कर मारली, एकेक झुडूप, एकेक दगड, कोणाच्या तरी जुन्या चुलीची राख, सगळं हुंगलं, चार ठिकाणी आपली खूण केली. परत आली तेव्हा शेपूट सैल झालं होतं, तंबूत स्वतःहून शिरली, चादरीवर तीन गिरक्या घेतल्या आणि धप्पकन पडली.

संध्याकाळी एक अपघात झाला, छोटाच, पण सांगते. तळ्याच्या कडेने चाललो होतो, लांब दोरी माझ्या हातात वेटोळं करून. समोरून ससा उठला. झिपरी सुटली आणि दोरी माझ्या तळहातातून सरसर निघून गेली, सोडायचं सुचलंच नाही, उलट मूठ आवळली. तळहातावर आडवा लाल पट्टा, कातडी निघालेली, भाजल्यासारखी आग. नशीब टोकाला गाठ होती आणि ती गाठ मुठीत अडकली म्हणून ती थांबली. दोरी हाताला किंवा बोटांना कधीच गुंडाळायची नाही आणि हातमोजे घालायचे हे आता कायमचं लक्षात राहील. जेवण करताना मग भावाने तिला चुलीपासून आणि तंबूच्या ताणदोऱ्यांपासून लांब ठेवलं, त्या ताणदोऱ्यांमध्ये एकदा कुत्रं अडकलं की तंबू, चूल, भांडं सगळं एकदम खाली येतं.

आता रात्र. साडेनऊला आत गेलो. झिपरी दाराशी बसली, जाळीकडे तोंड करून. दमलीये, झोपेल म्हटलं. पहिला आवाज कसला झाला मला माहीत नाही, मला काही ऐकूच आलं नाही. तिचे कान उभे राहिले, घशातून गुरगुर सुरू झाली आणि मग एकदम भुंकणं. थांबली. पाच मिनिटांनी परत. आपल्याला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, म्हणजे आपल्यासाठी जी शांतता आहे ती तिच्यासाठी भरलेली असते, उंदीर, वटवाघळं, पाचोळ्यात चालणारं काहीही. घरी ती असे आवाज ऐकत असेलच पण मध्ये भिंत आहे हे तिला माहीत असतं. इथे तिच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये एक कापड, आणि मागे आम्ही दोघं झोपलेले. म्हणजे राखण कोणी करायची? तिनेच.

मी आधी दटावलं. चूप, गप्प बस, असं. त्याने ती जास्तच भुंकली, कारण तिला वाटलं मीही तिच्याबरोबर भुंकतेय, निदान मला तरी तसंच वाटतं. मग टॉर्च लावून बाहेर बघितलं तर तिलाही उठून बघायचंच होतं, टॉर्चच्या उजेडात तिचे डोळे हिरवे चमकले आणि लांब झुडपात अजून दोन डोळे तसेच चमकले. कुत्र्यांच्या, मांजरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो त्यामुळे ते चमकतं, मला माहीत होतं, तरी काळजात धस्स झालं. ते मांजर होतं की कोल्हा की काय, कळलं नाही, निघून गेलं. पण झिपरीने ते बघितलं आणि मग तासभर ती काही ऐकेना. शेजारच्या तंबूत कोणीतरी कूस बदलल्याचं ऐकू येत होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. १ वाजता मी भावाला म्हटलं, गाडीत जाऊन बसते हिला घेऊन, नाहीतर सरळ घरी जाऊ.

भाऊ उठून बसला, अर्धवट झोपेत, आणि म्हणाला, "ताई, ती दाराशी आहे म्हणून ड्युटीवर आहे. तिला दारातून काढ ना." एवढं साधं. तिची चादर दारापासून उचलून आमच्या दोघांच्या मध्ये घातली, खाली माझी फोमची मॅट, कारण जमीन गार पडली होती. जाळीवर आतून माझा टॉवेल आणि त्याचं जॅकेट लटकवून टाकलं म्हणजे सावल्या दिसणं बंद. टॉर्च बंद. आणि दारापाशी मी आडवी झाले, तिच्याकडे पाठ करून. तिने उठून दोनदा माझ्यावरून दाराकडे जायचा प्रयत्न केला, मी हलले नाही, बोलले नाही. मग हात मागे नेऊन तिच्या छातीवर ठेवला. गुरगुर सुरू व्हायच्या आधी हाताला कळायची, बरगड्यांच्या आत काहीतरी घुमायला लागायचं, मग मी अगदी हळू, तालात थोपटायचे, घरी विजा चमकतात तेव्हा करते तसं. गुरगुर यायची, घशापर्यंत जायची आणि भुंकण्याआधीच विरायची. परत यायची. किती वेळ चाललं सांगता येणार नाही. ३ नंतर कधीतरी तिने एक मोठा उसासा टाकला, पूर्ण अंगाचा, आणि हनुवटी माझ्या कमरेवर ठेवली. मला रडूच आलं. तिचं वजन जसं जसं माझ्यावर जास्त पडत गेलं तसं मला कळत गेलं की ती आता खरंच झोपतेय.

सकाळी शेजारच्या तंबूतल्या काकांकडे माफी मागायला गेले. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "अगं, पहिल्यांदा आणलंय ना तिला? आमच्याकडे दोन होते, पहिल्या रात्री दोघांनी मिळून आम्हाला जागवलं होतं. दुपारी झोपव तिला." दुपारी झोपव, हे वाक्य मी नुसतं ऐकलं असतं तर सोडून दिलं असतं, कारण आमचा बेत उलटाच होता, आज खूप दमवू म्हणजे रात्री झोपेल. काका म्हणाले तसं नसतं, लहान मुलासारखंच आहे, जास्त दमलं की चिडचिडं होतं आणि झोप येत नाही. मग सकाळी ऊन चढायच्या आत तासाभराचंच चालणं, आणि ११ ते ४ सावलीत सक्तीची विश्रांती. मी चादर झाडाखाली घातली, बाजूला बसले, ती पडली. दर पाच मिनिटांनी डोकं वर, परत खाली. पण पडली.

तळ्यात तिला पोहायचं होतं आणि ते बघून जीव तुटत होता. पण एका बाजूला पाण्यावर हिरवट रंग सांडल्यासारखी साय होती. अशा शेवाळात काही प्रकार विषारी असतात, कुत्रं पाण्यातून बाहेर येऊन अंग चाटतं तेवढ्यानेही ते पोटात जातं आणि काही वेळा तासाभरात जीव जातो. कुठलं विषारी आणि कुठलं नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून अख्खं तळंच वर्ज्य. बाटलीतलं पाणी ओतून काठावरच तिला न्हाऊ घातलं, पोटाखाली, मांड्यांच्या आत, पंजे.

आणि तेव्हाच हाताला लागली. उजव्या कानाच्या मागच्या घडीत, मऊ केसांत, मसुराच्या डाळीएवढी, राखाडी, गोचीड. चिकटून बसलेली. भावाने विचारलं की तेल घालू का, काडी लावू का पेटवून? अजिबात नाही. जाळलं किंवा तेलाने गुदमरवलं तर ती आत आपली लाळ आणखी सोडू शकते आणि रोग त्या लाळेतूनच येतात. भावाने झिपरीचं डोकं मांडीवर धरलं, मी केस बाजूला केले, चिमट्याची टोकं जितकी कातडीजवळ नेता येतील तितकी नेली, फुगलेलं पोट न दाबता तोंडाजवळ पकडलं आणि सरळ वर, हळू, एकाच जोराने ओढत राहिले. कातडी तंबूसारखी वर आली. झटका द्यावासा वाटतो, द्यायचा नाही, तोंड आत तुटून राहतं. आठ दहा सेकंद असेल, मग सुटली. पाय हलवत होती अजून. स्पिरिटच्या बाटलीत टाकली, जागा पुसून काढली आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवली. झिपरी एवढा वेळ हूं की चूं न करता पडून होती, फक्त डोळे माझ्याकडे. नंतर भावाने आणि मी मिळून शेपटीपासून नाकापर्यंत तिचा केसन्‌केस चाळला, बोटांच्या मधे, काखेत, शेपटीखाली. अजून दोन सापडल्या, चिकटलेल्या नव्हत्या.

पंजाच्या दोन बोटांच्या मधे एक कुसळही सापडलं. तेही दुर्लक्ष करण्यासारखं नसतं, त्याला उलटे काटे असतात, ते मागे येत नाही, आत आत जात राहतं आणि मग पू होतो. लांब केसांची कुत्री असेल तर रोज संध्याकाळी कंगवा फिरवाच.

दुसऱ्या रात्री काही वेगळं नाटक केलं नाही. जाळी झाकली, चादर मध्ये, मी दाराशी. ८ ला जेवण, त्यानंतर हळूहळू एक चक्कर त्याच वाटेने, काल जिथे खुणा केल्या होत्या तिथेच परत. साडेनऊला आत. दहाच्या सुमाराला बाहेर काहीतरी खुडबुडलं, मला पण ऐकू आलं इतकं जवळ. तिचे कान उभे राहिले. मी हात मागे नेला. छातीत घुमलं, एकदाच. मग तिने माझ्याकडे बघितलं, अंधारात दिसलं नाही पण मान वळलेली कळली, आणि मी काही हलले नाही तसं तिने डोकं खाली ठेवलं. एवढंच. रात्री एकदा जाग आली तर ती स्वप्नात पळत होती, चारही पंजे थरथरतायत, ओठ फडफडतायत, भुंकण्याचा अगदी बारका आवाज. झोप गाढ लागल्याशिवाय हे होत नाही. भावाला हलवून उठवलं आणि दोघं अंधारात ते ऐकत बसलो.

सकाळी तंबूच्या आतून दव ठिबकत होतं, तीन जिवांचा श्वास. सगळं ओलं. तिची शी दोन्ही दिवस पिशवीत भरून ठेवली होती ती कचऱ्याबरोबर परत आणली, पुढच्याला तिथे झोपायचं असतं आणि कुत्र्याच्या पोटातले जंत मातीत राहतात.

घरी आल्यावर ३ आठवडे मी रोज सकाळी तिचा ओठ वर करून हिरडी बघायचे. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. गोचिडांमुळे येणारा ताप बहुतेक वेळा १ ते ३ आठवड्यांत दिसतो, कुत्रं मलूल होतं, खात नाही, हिरड्या फिक्या पडतात. तसं काही झालं असतं तर फोनमधली तारीख घेऊन सरळ डॉक्टरांकडे जायचं ठरलेलं होतं. काही झालं नाही, जेवण व्यवस्थित, हिरड्या गुलाबी. २१ व्या दिवशी ती बाटलीतली गोचीड फेकून दिली.

पुढची वेळ ठरलीये, थंडी कमी झाली की. या वेळी पोचल्यावर आधी तिची चक्कर, मग तंबू. आणि दोन ऐवजी तीन रात्री, कारण पहिली रात्र तिची राखणीतच जाणार हे धरून चाललोय. जाळी झाकायला मी जाड कापडाचे दोन तुकडे शिवून ठेवलेत. भाऊ परवा तिची ती चादर मशीनमध्ये टाकायला निघाला होता, म्हणाला तळ्याचा आणि मातीचा वास मारतोय नुसता. मी त्याच्या हातातून काढून घेतली.